स्फुरदाचा परतीचा रस्ता

निसर्गाशी जुळवून घेणारा समाज कसा असावा, ही चर्चा बहुधा झाडांपासून सुरू होते आणि माणसाच्या हावरेपणापाशी येऊन थांबते. माझ्या मते ती सांडपाण्याच्या नळापासून सुरू व्हायला हवी. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत मिळते की नाही, याचा हिशेब तिथे स्वच्छ दिसतो. आणि तो मांडायला सगळ्यात सोयीचे मूलद्रव्य म्हणजे फॉस्फरस, अर्थात स्फुरद.

स्फुरदावाचून जीव नाही. डीएनएच्या कण्यात ते आहे, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूतही आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे ७०० ग्रॅम भरते आणि त्यातले जवळजवळ ८५ टक्के हाडांत व दातांत असते. नत्राचा साठा हवेत अमाप आहे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये त्यापासून अमोनिया करून दाखवला आणि काही वर्षांतच नत्रखताचे कारखाने उभे राहिले. स्फुरदाला ही सोय नाही. ते खडकात असते, खडक झिजला की मातीत उतरते, तिथून झाडात, झाडातून प्राण्यात, आणि मलमूत्रातून किंवा मृत देहातून पुन्हा मातीत. जंगलात तोच अणू वर्षानुवर्षे फिरून फिरून कामाला येतो. थोडेफार समुद्रात वाहून जाते, पण तळाशी बसलेल्या त्या गाळाचा खडक होऊन तो पुन्हा वर यायला कोट्यवधी वर्षे लागतात.

ही साखळी आपण कुठे तोडली? १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसद हैराण झाली आणि जोसेफ बॅझलगेट यांच्या भुयारी गटारांचा मार्ग मोकळा झाला. त्या गटारांमुळे लंडनमधला कॉलरा हटला, असंख्य जीव वाचले. त्यांना नावे ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. पण अन्नातून शहरात आलेले सगळे नदीवाटे समुद्राला द्यायचे, हेही तेव्हाच पक्के झाले आणि पुढे जगभरच्या शहरांनी तोच नमुना उचलला. शहरांचा मैला शेताकडे परत गेला नाही तर जमीन कंगाल होईल, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग त्याच काळात बजावत होते.

जमीन कंगाल झाली नाही, कारण आपण खाणींकडे वळलो. प्रशांत महासागरातले नौरू हे चिमुकले बेट विसाव्या शतकात फॉस्फेटसाठी, म्हणजे स्फुरदाच्या खनिजासाठी, इतके खणले गेले की त्याच्या मधल्या भागात चुनखडीच्या सुळक्यांचे ओसाड रान तेवढे उरले. आज जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. साऱ्या जगाचे अन्न एवढ्याशा भूभागावर विसंबून असावे, ही मला फार धोक्याची गोष्ट वाटते.

एकीकडे खाणी रित्या होतात आणि दुसरीकडे तेच स्फुरद पाण्यात जाऊन उपद्रव करते. तो कसा, हे कॅनडात डोळ्यांना दिसेल असे सिद्ध झाले. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने ऑन्टॅरिओ प्रांतातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यात आडवा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडले. दुसऱ्यात तेच सोडले, शिवाय फॉस्फरस. काही आठवड्यांतच दुसरा भाग शेवाळाने हिरवागार झाला. पहिल्याचे पाणी गडदच राहिले. विमानातून काढलेल्या छायाचित्रात दोन्ही रंगांमधली सीमा अगदी पडद्याच्या रेषेत दिसते. असे वाढलेले शेवाळ मरते, तळाशी जाते, जिवाणू ते कुजवताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते तिथे शेतांतून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदामुळे दर उन्हाळ्यात ऑक्सिजन संपलेल्या पाण्याचा असा मोठा पट्टा तयार होतो.

शेतातून वाहून जाणारे खत आवरणे हे वेगळे आणि मोठे काम आहे. सांडपाण्यातले स्फुरद मात्र एका जागी गोळा होते, म्हणून ते परत मिळवणे तुलनेने सोपे. सांडपाण्यात लघवीचा वाटा जेमतेम एक टक्का असतो, पण त्यातल्या नत्राचा बहुतांश आणि स्फुरदाचा जवळपास निम्मा भाग तिच्यातूनच येतो. मुळात १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँड यांना फॉस्फरस सापडला तोही लघवी आटवतानाच. लघवी वेगळ्या नळातून गोळा करणारी शौचालये स्वीडनमध्ये वापरात आली आहेत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत नळाच्या आतल्या बाजूला एक कठीण पांढरा थर साचून नळ तुंबतात. तो स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक. पाण्यात मुद्दाम मॅग्नेशियम मिसळले की हेच स्फटिक टाकीत धरतात आणि हळूहळू विरघळणारे खत हाती येते. स्वित्झर्लंडने तर २०१६ मध्ये लागू झालेल्या नियमाने सांडपाण्याच्या गाळातून फॉस्फरस काढून घेणे बंधनकारक ठरवले आणि तयारीसाठी दहा वर्षांची मुदत दिली.

यंत्रांवाचूनही हे जमते. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरच्या पाणथळीत शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत येते. उन्हामुळे शेवाळ वाढते, त्याने सोडलेल्या ऑक्सिजनवर जिवाणू घाण कुजवतात, शेवाळ मासे खातात आणि निवळलेले पाणी शेतीला जाते. ही पद्धत मच्छीमारांनी अनुभवातून बसवली. ध्रुवज्योती घोष यांनी तिचा शास्त्रीय अभ्यास केला, ती वाचवण्यासाठी आयुष्य वेचले, आणि २००२ मध्ये या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाली. तरीही शहराच्या वाढीपायी तिथली तळी बुजवली जाण्याचा धोका आजही आहे.

या सगळ्यात व्यक्तीच्या सद्भावनेचा वाटा फार थोडा आहे. उंच इमारतीत राहणारा माणूस कितीही निसर्गप्रेमी असो, त्याच्या घरातून एकच नळ बाहेर पडतो आणि त्या नळात औषधांचे अंश आणि साबण येतात. पुढे मुख्य वाहिनीत कधी कारखान्यांतले जड धातूही मिसळतात. एकदा मिसळलेले वेगळे करणे खर्चिक असते, शेतात जाणाऱ्या खतात तर धातू अजिबात चालत नाहीत. म्हणून कारखान्यांचे पाणी घरगुती पाण्यापासून वेगळे ठेवणे ही पहिली पायरी. लघवीसाठी दुसरा नळ हवा असेल तर तो इमारत बांधतानाच टाकता येतो. उभ्या भिंती फोडून तो घालणे क्वचितच परवडते. नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करताना या नळासाठी जागा ठेवणे सक्तीचे करावे. पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती अनेक ठिकाणी झाली, तशी हीही करता येईल.