‘रजिस्टर्ड’ ठेकेदार आणि ‘लायसन्स’वाला ठेकेदार

2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि देवगड तालुक्यातल्या आमच्या घराची मागची पडवी उघडी पडली. मृग तोंडावर. गावातले सगळे मिस्त्री आधीच कुणाच्या ना कुणाच्या छपरावर चढलेले. तेवढ्यात एकाने कार्ड हातात ठेवलं. नावाखाली लाल अक्षरांत ‘शासनमान्य नोंदणीकृत ठेकेदार’. मी दर विचारायच्या आत तो म्हणाला, “काकानू, आमचा रजिस्ट्रेशन आसा, तुमी काळजी करू नकात.” मी काळजी केली नाही. निम्मे पैसे आगाऊ दिले.

त्याचं रजिस्ट्रेशन खोटं नव्हतं, आणि घोटाळा तिथेच झाला. ते होतं सार्वजनिक बांधकाम विभागाकडचं. ही नोंदणी सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी असते. अमुक वर्गातल्या ठेकेदाराने अमुक रकमेपर्यंतचं काम घ्यावं, एवढंच ती ठरवते. माझ्या पडवीशी तिचा काही संबंध नव्हता. त्याने माझे पत्रे वाकडे मारले म्हणून त्या यादीतून त्याचं नाव कोणी काढणार नव्हतं.

नोंदणी आणि परवाना हे शब्द आपण एका दमात बोलतो. नोंदणी म्हणजे कुठल्या तरी वहीत नाव आहे. परवाना म्हणजे ते काम करायची मुभा कुणीतरी दिलेली आहे आणि तोच ती काढूनही घेऊ शकतो. समोरच्याने कागद पुढे केला की मी आता मनात एकच विचारतो: माझं काम बिघडलं तर हा कागद याच्याकडून कोण काढून घेईल?

या कसोटीवर बहुतेक कागद फिके पडतात. जीएसटी क्रमांक हा कराचा. तो पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते जरूर बघावं, कारण दुसऱ्याचाच क्रमांक छापणारे महाभाग आहेत. पण भिंत ओळंब्यात येईल की नाही हे तो सांगत नाही. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी माणूस स्वतःच स्वतःबद्दल माहिती भरून घेतो. गुमास्ता तर त्याहून हलका: 2017च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार कामगार थोडेच असले तर आस्थापनेने नुसती सूचना द्यायची असते. एका गवंड्याने मला बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड दाखवलं होतं. ज्या कार्डावर भांड्यांचा संच मिळतो, ते. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे दाखवलं, पण ते कामगाराच्या कल्याणाचं, घरमालकाच्या नव्हे.

मग खरा परवाना कुठला? घराच्या कामात सगळ्यात ठळक आहे तो विजेचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर घरातलं वायरिंग राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला माणूस हवा आणि हात लावणाऱ्या वायरमनकडेही परमिट हवं. माझ्या ‘शासनमान्य’ने वायरिंग आपल्याच पोरांकडून उरकून घेतलं. आषाढात पडवीच्या लोखंडी खांबाला हात लागला की झिणझिण्या यायच्या. केबल पत्र्याच्या धारेवर घासत होती आणि अर्थिंग नावालाही नव्हतं. पुढे वेगळा मीटर घ्यायला महावितरणच्या कार्यालयात गेलो, तर पहिला प्रश्न आला, “टेस्ट रिपोर्ट?” तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या सहीशिक्क्याचा लागतो. मी फोन लावला. रजिस्टर्ड साहेबांनी उचलला नाही, पुढेही कधी उचलला नाही. परवानेवाला माणूस आणून सगळं वायरिंग उपसून परत घालावं लागलं.

शब्दावर जाऊ नये हेही खरं. आर्किटेक्टकडे असते ती ‘नोंदणी’, पण 1972च्या वास्तुविशारद कायद्याने ती नसलेल्याला आर्किटेक्ट ही उपाधीच लावता येत नाही आणि गैरवर्तनाबद्दल वास्तुकला परिषद ती रद्द करू शकते. म्हणजे नाव नोंदणीचं, दात परवान्याचे. महारेराचंही, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचंही, तसंच. जमीन 500 चौरस मीटरच्या वर आणि सदनिकाही आठाहून जास्त असतील, तर नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातही करता येत नाही, आणि विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. समुद्र दिसणाऱ्या बंगलो प्लॉटच्या योजनांनाही हे लागू आहे.

पण इथे आमचे मुंबईकर चाकरमानी हमखास गफलत करतात. इमारतीत पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा, हा रेराचा नियम त्यांना पाठ असतो. तो बिल्डरने विकलेल्या फ्लॅटला आहे. आपल्याच जागेत आपण गवंडी लावून चिऱ्याचं घर बांधलं, तर महारेरा त्यात कुठेच नाही. तिथली हमी करारात लिहिली तरच.

आणि घर बांधणाऱ्या साध्या ठेकेदारासाठी आपल्याकडे परवाना असा नाहीच. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणाला, “मामा, लायसन्स नंबर टाकून बघायचा ना!” त्याच्याकडे ते खरं आहे. तिथे 2025पासून हजार डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला राज्याच्या मंडळाचा परवाना लागतो. घरदुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम दहा टक्के किंवा हजार डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढीच. विनापरवाना ठेकेदाराला थकलेल्या मजुरीसाठी कोर्टात दाद मागता येत नाही. इकडे मी निम्मे पैसे पहिल्याच दिवशी मोजले होते.

मग आपल्याला आधार कशाचा? ग्राहक कायद्याचा. 2019च्या कायद्यात ‘सेवे’च्या व्याख्येत घरबांधणी शब्दशः आहे, आणि ठेकेदार रजिस्टर्ड आहे की नाही यावर तुमचं ग्राहकपण अवलंबून नाही. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. चाकरमान्यांनी एक गोष्ट गाठीला बांधावी: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे देवगडातल्या घरासाठी ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, खेटे घालायलाच हवेत असं नाही, ठाण्यात राहणाऱ्याला ठाण्यातही चालेल. आधी विचारपूस करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. होमस्टेवाल्यांनी मात्र जपून. काम धंद्यासाठी होतं म्हणून समोरचा वकील तुम्हाला ग्राहकच मानायला तयार होणार नाही. हा स्वतःच्या पोटापाण्याचा स्वयंरोजगार आहे, हे तुम्हाला दाखवावं लागेल.

आयोगापुढे मात्र पुरावा लागतो. मी रोख दिले होते, पावती नव्हती, ठरलं ते सगळं तोंडी. माझ्याकडे होतं ते त्याचं कार्ड, लाल अक्षरांचं. मी तक्रार केली नाही.

यंदा न्हाणीघराचं काम काढलं. गावातलाच मिस्त्री, कागद एकही नाही, वीस वर्षांत त्याने बांधलेली चार घरं मात्र जाऊन बघता येतात. वायरिंग आधीच वेगळं काढून परवानेवाल्याला दिलं. मिस्त्रीशी बसून लिहून काढलं: वाळू खाडीची नको (खारी असते, सळ्या आतून गंजतात), पैसे टप्प्याने, म्हणजे जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर, दर टप्प्याला यूपीआयने, आणि शेवटचा हप्ता एक पाऊस बघून. शेवटच्या कलमावर तो जरा रेंगाळला, पण सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, “शिमग्याचे आठ दिस काम बंद रवतला. ता पण लिवा.”