पडला, तरी उभा राहिलेला घुमट

जानेवारी 532 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये दंगल पेटली आणि शहरातलं मुख्य चर्च जळून खाक झालं. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने पुढच्याच महिन्यात नव्या चर्चचं काम सुरू केलं आणि डिसेंबर 537 मध्ये ते उभंही राहिलं. इस्तंबूलमधलं हागिया सोफिया ते हेच. एवढी अवाढव्य वास्तू, आणि पुरती सहा वर्षंही लागली नाहीत! या घाईची किंमत पुढे मोजावी लागली.

काम होतं ट्रॅलेसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर या भूमितीत मुरलेल्या दोघांकडे. पेच असा, की खालची जागा चौरस आणि वर बसवायचा घुमट गोल. चार बाजूंना कमानी उभारल्या तरी कोपऱ्यांत पोकळी उरतेच. नारळाची अर्धी करवंटी उपडी ठेवा. चारही बाजूंनी उभे काप घेऊन तिचा तळ चौरस करा आणि मग त्या कापांच्या माथ्याच्या पातळीत वरचा भाग आडवा छाटून टाका. चार कोपऱ्यांवर जे वक्र त्रिकोण उरतात, ते पेंडेंटिव्ह. त्यांच्या वरच्या कडा जुळून पूर्ण वर्तुळ होतं आणि त्यावर घुमट बसतो. ही युक्ती आधीही ठाऊक होती, पण सुमारे 31 मीटर रुंद घुमट तिच्यावर पेलायची हिंमत तोवर कुणी केली नव्हती.

घुमट खाली दाबतो तसा बाहेरही रेटतो. जितका चपटा, तितका रेटा जास्त. पूर्व-पश्चिमेला हा रेटा झेलायला अर्धघुमट आहेत. उत्तर-दक्षिणेला मात्र फक्त कमानी आणि त्यांच्यामागचे धिरे. इमारत याच दोन बाजूंना फाकत गेली.

त्यात भर मसाल्याची. चुना, वाळू आणि विटांचा चुरा, म्हणजे आपले जुने गवंडी जिला सुरखी म्हणत ती. वीट जेमतेम 4-5 सेंटिमीटर जाड, आणि सांध्यातला मसालाही तेवढाच किंवा त्याहून जाड. इतका जाड थर लवकर सुकत नाही. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, की काम चालू असतानाच उत्तर-दक्षिण कमानींखालच्या खांबांचे टवके उडू लागले. तेव्हा सम्राटाने कमानींना भिडणारं खालचं बांधकाम काढायला लावलं आणि ओल ओसरल्यावर पुन्हा भरून घेतलं. श्रेय सम्राटाला देणं ही दरबारी रीत. निर्णय स्थपतींचाच असावा असं मला वाटतं. पण घुमटाला तेवढी उसंत मिळाली नाही. डिसेंबर 557 मध्ये मोठा भूकंप झाला आणि मे 558 मध्ये तो कोसळला.

थोरल्या इसिडोरच्या पुतण्याने, धाकट्या इसिडोरने, नवा घुमट सुमारे 6 मीटर उंच घेतला. उंची वाढली, रेटा घटला. तळाच्या 40 खिडक्यांचं कामही समजून घेण्यासारखं आहे. विटांचा घुमट तळाकडे परिघाच्या दिशेने ताणला जातो, आणि विटांना ताण सोसत नाही, म्हणून तिथे उभ्या चिरा पडतात. नेमक्या त्याच पट्ट्यात खिडक्या ठेवल्या, की चिरा पडायला जागाच थोडी उरते आणि वजन मधल्या फासळ्यांवरून उतरतं. आतून पाहणाऱ्याला मात्र प्रकाशाचं कडं दिसतं आणि त्यावर तरंगणारा घुमट. मला या वास्तूत सगळ्यात जास्त भावतं ते हेच.

आणि तो मसाला? भाजलेल्या मातीतल्या सिलिकाचा चुन्याशी सावकाश संयोग होऊन कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं. आजच्या सिमेंटला बळ देतं ते हेच संयुग, आणि अलीकडच्या तपासण्यांत ते इथल्या मसाल्यात सापडलं आहे. ओला असताना दगा देणारा मसाला मुरल्यावर चिवट झाला, हादरे पचवू लागला.

तरी 989 च्या भूकंपात पश्चिमेचा भाग पडला. तो आर्मेनियन स्थपती त्रदातने बांधून काढला. 1346 मध्ये पूर्वेचा ढासळला. त्यामुळे आजच्या घुमटात उत्तर-दक्षिणेचा भाग सहाव्या शतकातला, पश्चिमेचा दहाव्या आणि पूर्वेचा चौदाव्या शतकातला आहे. सोळाव्या शतकात ऑटोमन स्थपती सिनानने बाहेरून आणखी धिरे दिले. मार्मारा समुद्राखालून जाणारी उत्तर अनातोलियन भ्रंशरेषा इथून लांब नाही. म्हणून 1990 च्या दशकात या वास्तूत कंपनमापक बसवले गेले, आणि 1999 च्या इझमित भूकंपात घुमट कसा हलला याच्या नोंदी त्यांनी टिपल्या.