शिक्का एक, दुखणी दोन: अराउकेरिया आणि चिंचिला

अराउकेरिया हा चिलीचा राष्ट्रीय वृक्ष. लांब शेपटीचा चिंचिला हा चिलीच्याच डोंगरांतला, कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी एक. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या जातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीत, दोघांवरही ‘संकटग्रस्त’ असाच शिक्का आहे. वन्य जातींच्या व्यापारावरच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत, परिशिष्ट १ मध्येही दोघे आहेत. त्यामुळे दुखणंही सारखंच असेल असं वाटतं, पण तसं नाही.

चिंचिलाची लवच त्याच्या जिवावर उठली. केसाच्या एकेका मुळातून पन्नासाहून अधिक केस फुटतात, इतकी ती दाट. एका कोटाला शंभरावर कातडी लागत. शिकार एवढी माजली की १९१० मध्ये चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू यांना बंदीचा करार करावा लागला, तोही फार उशिरा. उंदरासारखी भराभर वीण असती तर गोष्ट वेगळी होती. पण चिंचिलाची मादी तब्बल १११ दिवस गाभण असते आणि पिल्लं बहुधा दोनच होतात.

अराउकेरिया हजार वर्षंही जगतो. जाड सालीमुळे काही वणवेही सोसतो. शिकाऱ्याची जागा इथे कुऱ्हाडीने घेतली. चिलीने १९७६ मध्ये तोड थांबवली, १९८७ मध्ये पुन्हा मोकळीक दिली आणि १९९० मध्ये ती काढून घेतली. कुऱ्हाड थांबली, तरी माणसांनी लावलेल्या आगी आणि बिया-रोपं फस्त करणारी गुरं आहेतच. म्हातारी झाडं डौलात उभी असतात, म्हणून जंगल धडधाकट भासतं; खाली रोपं नाहीत हे चटकन लक्षात येत नाही. मला तरी हा धोका जास्त फसवा वाटतो.

मोजमापातही गंमत आहे. रेड लिस्टच्या एका निकषात जातीच्या संख्येतली घट १० वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतल्या मोठ्या काळात मोजतात. चिंचिलाच्या तीन पिढ्या एका माणसाच्या आठवणीत मावतात. अराउकेरियाच्या तीन पिढ्या म्हणजे काही शतकं.

‘पण घरोघरी चिंचिला पाळतात की!’ हो. १९२३ मध्ये एका अमेरिकी खाण अभियंत्याने ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले, आजचे बहुतेक पाळीव त्यांचेच वंशज. ते पिंजऱ्यात खुशाल वितात, पण रेड लिस्टच्या हिशेबात धरले जात नाहीत. युरोपातल्या बागांमधले अराउकेरियाही धरले जात नाहीत. त्यात नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी. बागेत एकट्याच उभ्या असलेल्या मादी झाडाला रुजणारं बी धरत नाही.