आइल ऑफ वाइटच्या घळी : ओढ्याची आणि समुद्राची शर्यत

इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट बेटाच्या कड्यांमध्ये, समुद्राच्या तोंडाशी, वीसेक घळी आहेत. तिथले लोक त्यांना ‘चाइन’ म्हणतात. भेग किंवा फट या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडले. डॉर्सेट आणि हॅम्पशायरचा लगतचा किनारा सोडला तर हा शब्द फारसा कुठे ऐकू येत नाही.

या घळींचे मूळ शोधायचे तर बेटाच्या पश्चिम टोकाची यार नदी पाहावी. फ्रेशवॉटर बेच्या पुळणीमागे अगदी हाकेच्या अंतरावर ती उगम पावते आणि समुद्राकडे पाठ करून उत्तरेला यारमथकडे जाते. एवढ्याशा प्रवाहाला तिचे खोरे फारच रुंद आहे. याचे कारण म्हणजे नदीचा वरचा भाग आणि तिला मिळणारे ओढे ज्या जमिनीवरून वाहत होते, ती दक्षिणेची जमीन समुद्राने खाल्ली. हिमयुगानंतर पाणी चढले, हे बेट मुख्य भूमीपासून तुटले आणि नैऋत्येचा कडा मागे सरकत राहिला. आपल्या लांब वाटेने निघालेले ओढे मध्येच कापले गेले आणि थेट कड्यावरून खाली पडू लागले.

घळ कोरण्याचे काम इथून सुरू होते. पुढचा उतार एकदम तीव्र झाला की ओढा पात्राचा तळ खणू लागतो आणि धबधबा मागे मागे सरकतो. खडक मऊ आहे. सुमारे १३ ते ११ कोटी वर्षांपूर्वीची चिकणमाती आणि वाळूचे खडक असा तो बनलेला आहे. वाळूतून मुरलेले पाणी खालच्या मातीपाशी अडते आणि तिथून आडवे पाझरते. पाझर लागलेली वाळू निसटली की वरचा भाग कोसळतो. म्हणून या घळींच्या भिंती उभ्या राहतात. मध्ये लोहयुक्त कठीण थर आला तर तेवढ्यापुरता धबधबा टिकतो. घळीची खोली मात्र एकाच गोष्टीवर ठरते : कडा मागे हटण्याच्या वेगाशी ओढ्याला बरोबरी करता येते की नाही. मऊ भागात कडा वर्षाला साधारण अर्धा ते एक मीटर मागे सरकतो. ओढा दुबळा असेल तर घळ वाढण्यापेक्षा जास्त वेगाने तिचे तोंडच गिळले जाते.

पाण्याने वाट बदलली तर काय होते, हे काउलीझ आणि शेफर्ड्स या शेजारच्या दोन घळींत दिसते. काउलीझ आता कोरडी आहे. तिचा ओढा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळीकडे फुटला आणि त्याने शेफर्ड्स चाइन कोरली. एका मेंढपाळाने वाम मासे धरण्यासाठी काठ खणला म्हणून ओढा फुटला, अशी स्थानिक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एवढी मोठी घळ दोनेकशे वर्षांत तयार होते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जवळच्या लॅडर चाइनमध्ये ओढा उरलेला नाही. तिथे वाऱ्याने वाळू कोरून कढईसारखा खळगा केला आहे.

माणसाने हात घातलेल्या घळींचे नशीब दोन टोकांना गेले. शँकलिनची घळ १८१७ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ती ४०० मीटरहून थोडी लांब असून तेवढ्यात ३२ मीटर उतरते. माथ्यावरच्या धबधब्याशी दगडी पाया घातल्याने तो मागे सरकायचा थांबला, आणि तोंडाशी किनाऱ्याचा बांधीव रस्ता आहे. दोन्ही टोके बांधली म्हणूनच ती आज झाडीने भरलेली आणि शांत आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रतळावरून फ्रान्सला इंधन नेणाऱ्या ‘प्लूटो’ नळाचा मार्ग या घळीतून गेला. त्याचा एक तुकडा तिथे जपून ठेवला आहे.

ब्लॅकगँगला हे जमले नाही. १८४३ मध्ये अलेक्झांडर डॅबेल यांनी तिथे उद्यान काढले. मात्र तिथे कड्यात गॉल्ट माती आहे. बेटावर तिला ‘ब्लू स्लिपर’ म्हणतात, कारण भिजली की ती निसरडी होऊन वरचा अख्खा डोंगर समुद्राकडे ढकलते. अशा ठिकाणी पायथ्याला भिंत घालून भागत नाही, आतले पाणी बाहेर काढावे लागते. १९९४ मध्ये मोठी दरड कोसळली. मूळ घळ तर नष्टच झाली आहे. उद्यान मात्र मागे मागे हलत टिकून आहे.

ज्या घळी बांधलेल्या नाहीत, त्यांच्या तोंडाशी उतरायचे तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे. पावसानंतर भिंतीच्या पायथ्याशी थांबू नये, कारण पाझर उशिरा पोचतो आणि दरड पाऊस थांबल्यावरही येते. उतरण्यासाठी केलेल्या पायऱ्या हमखास खालून तुटतात.

या पडझडीवर एक फुलपाखरू जगते. ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी ब्रिटनमध्ये मुख्यतः याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आढळते. तिच्या काळ्या, केसाळ, लाल डोक्याच्या अळ्या रेशमी जाळ्यात गटाने राहतात आणि आपल्या इसबगोलाच्या कुळातल्या एका लांब पानांच्या रोपावर वाढतात. ते रोप नुकत्याच उघड्या पडलेल्या, उन्हाने तापणाऱ्या मातीत जोमाने येते. कडा स्थिर झाला की काही वर्षांत गवत दाटते, रोप मागे पडते आणि फुलपाखराला पुढची ताजी दरड शोधावी लागते.