जेंडर स्टडीजचं एम.ए.: गुण असूनही अर्ज कुठे अडतो

'माझी पदवी कॉमर्सची आहे, चालेल का?' हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.कॉम., नर्सिंग, इंजिनिअरिंग, काहीही. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो, निकाल नंतर दाखवायचा. स्त्री अभ्यास, लिंगभाव, लैंगिकता आणि संस्कृती या विषयांच्या एम.ए.ला अर्ज फेटाळले जातात ते पदवीमुळे नाही, कागदांमुळे.

आधी दारं किती आहेत ते बघा. टिस (मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि हैदराबाद विद्यापीठासारख्या, केंद्राचे नियम पाळणाऱ्या संस्था सीयूईटी-पीजी या देशभरात होणाऱ्या सामायिक परीक्षेतून प्रवेश देतात. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राचा जेंडर, कल्चर अँड डेव्हलपमेंटचा एम.ए. आहे. तिथली प्रवेशप्रक्रिया विद्यापीठाची स्वतःची आणि आरक्षण राज्याच्या नियमांनी. तिसरं दार इग्नूचं, म्हणजे दूरशिक्षण देणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं. तिथे प्रवेश परीक्षा नाही, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रासाठी नोंदणी होते.

सीयूईटी-पीजीचा अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतो, परीक्षा मार्चमध्ये. प्रश्न ७५, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. अर्ज भरताना कोणता पेपर निवडायचा ते त्या संस्थेच्या स्वतःच्या माहितीपत्रकात बघा, मित्राच्या मेसेजवर जाऊ नका. चुकीचा पेपर निवडलात तरी संगणक अर्ज घेतो, पैसे घेतो, हॉलतिकीटही देतो. घोळ कळतो तो प्रवेशाच्या वेळी.

आणि दरवर्षी घात होतो तो पुढच्या पायरीवर. परीक्षा दिली, गुण चांगले आले, आणि मुलं घरी बसून संस्थेच्या फोनची वाट बघतात. कोणी फोन करत नाही. सीयूईटी-पीजी ही फक्त परीक्षा आहे. ती घेणाऱ्या एनटीएकडे, म्हणजे राष्ट्रीय चाचणी संस्थेकडे, भरलेला अर्ज म्हणजे विद्यापीठाकडे केलेला अर्ज नव्हे. प्रत्येक संस्थेच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, बहुतेकदा वेगळं शुल्क भरून. तिची मुदत वेगळी, आणि कधी कधी निकाल लागण्याच्या आतच संपणारी. हे वाक्य माहितीपत्रकात असतं, पण अशा जागी की शोधणाऱ्यालाच सापडावं.

आता नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे ओबीसी असून सधन थरात (क्रिमिलेयरमध्ये) मोडत नाही याचा दाखला. आपल्याकडे राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र उत्पन्न बघून तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीचं मिळतं. ते हातात असलं की विद्यार्थी निर्धास्त होतात. केंद्रीय संस्थेत ते चालत नाही. तिथे केंद्र शासनाच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि साधारणपणे ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. जात वैधता प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही, भले ते मिळवायला वर्ष गेलेलं असो. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही स्वतः तपासा. केंद्रीय संस्थेच्या अर्जात व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी असे राज्याच्या प्रवर्गांचे रकानेच नसतात. सेतू केंद्रात 'केंद्राच्या नमुन्यात हवंय' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचंच हातात पडेल.

अर्ज जानेवारीत आणि प्रमाणपत्र एप्रिलनंतरचं, हे कसं जमायचं? जमत नाहीच. म्हणून हमीपत्राची किंवा जुनं प्रमाणपत्र जोडण्याची सोय दिलेली असते. ती वापरा, आणि एप्रिल उजाडला की पहिल्याच आठवड्यात नव्याचा अर्ज टाका. जूनमध्ये तहसीलमध्ये अख्ख्या तालुक्याची गर्दी असते.

उत्पन्नाचा हिशेब हा वेगळाच छळ. ओबीसी क्रिमिलेयर ठरवताना ८ लाखांच्या मर्यादेत आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरीतल्या पदाची पातळी वेगळी तपासतात. तरी खिडकीवरचा माणूस फॉर्म १६ बघून बेरीज करायला लागतो. शांतपणे १९९३ च्या केंद्रीय आदेशाची प्रत पुढे ठेवा. भांडून कागद निघत नाही, प्रत दाखवून कधी कधी निघतो.

लग्नानंतर शिकायला येणाऱ्या बायकांची इथे हमखास अडवणूक होते, कारण नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. ओबीसी नॉन-क्रिमिलेयरसाठी तो लागत नाही, तिथे आई-वडिलांचीच स्थिती बघतात. ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे इतर आरक्षण नसलेल्या आर्थिक दुर्बलांच्या कोट्यात, मात्र उलट. तिथे कुटुंब म्हणजे तुम्ही, आई-वडील, नवरा किंवा बायको, १८ वर्षांखालची भावंडं आणि मुलं. सगळ्यांचं सगळ्या मार्गांचं उत्पन्न, पगार आणि शेतीसकट, ८ लाखांच्या आत हवं. शिवाय ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन, १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, प्रमाणपत्र मिळत नाही. बाईची ओळख बापाच्या की नवऱ्याच्या कागदावरून ठरवायची, हा वाद ज्या अभ्यासक्रमात शिकायचा, त्याच्या दारातच त्याचं प्रात्यक्षिक मिळतं.

नावाचंही तसंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आडनाव, आधारवर दुसरं. विवाह नोंदणी दाखला बहुतेक ठिकाणी चालतो, पण नाव आणि आडनाव दोन्ही बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातली नोंद सोबत ठेवा. पारलिंगी विद्यार्थ्यांनी, २०१९ च्या कायद्याखालचं ओळखपत्र असेल, तर ते लावावंच. पण जुन्या नावाच्या गुणपत्रिका आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे जोडणारा कागद नसला, तर पडताळणीच्या टेबलावर प्रश्न येतातच. अर्जात गुणपत्रिकेवरचं नाव लिहायचं की नवं, हे त्या विभागाला आधी ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. तोंडी मिळालेलं 'हो, चालेल' टेबल बदललं की संपतं.

इग्नूवाल्यांना प्रवेश परीक्षा नाही म्हणून सुटका नाही. २०२४ पासून दूरशिक्षणाला डेब-आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक. आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख कुठे जुळली नाही, तर तिथेच घोडं अडतं. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, त्यामुळे ही जुळवाजुळव प्रवेश सुरू व्हायच्या आधीच उरका.

स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, शेवटी द्यायचं असतं. टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन विद्यापीठ देतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. मध्येच कुठे एखाद्या एम.ए.ला नाव घालून ते सोडून दिलं असेल, तर मायग्रेशन पदवीच्या विद्यापीठाकडून नाही, जिथे शेवटची नोंदणी झाली तिथून आणावं लागतं.