लोकरीची हातकताई (कोल्हापूर परिसर)

लोकरीची हातकताई : मेंढीची लोकर पिंजून, ओढून व पीळ देऊन हाताने सूत काढण्याची क्रिया. कोल्हापूर जिल्ह्यात ती घोंगडीच्या धंद्याशी निगडित आहे. मेंढ्या धनगरांच्या, माग सणगरांचा (घोंगड्या विणणारी जात) आणि कताई बहुधा बायकांकडे, अशी कामाची जुनी वाटणी. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात.

प्राचीनता : दख्खनमध्ये लोकर केव्हापासून कातली जाऊ लागली, हे निश्चित ठरवणे कठीण आहे. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन थरांत रेशीम व कापूस यांचा, तर पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे जवसाच्या तंतूंचा धागा मिळाला. लोकर तेव्हा वापरात नव्हती, असा निष्कर्ष मात्र त्यावरून काढू नये. लोकर अल्कलीत लवकर नाश पावते आणि दख्खनची काळी माती बहुधा अल्कधर्मीच असते. टकळीच्या (हाताने फिरवायच्या, चकती लावलेल्या कताईच्या दांडीच्या) चकत्या हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर मिळतात. चरख्याबद्दल मात्र मतभेद आहेत. तो मूळचा भारतीय, असे एक मत. चीन किंवा इराणकडून आला, असे दुसरे. भारतातील त्याचा स्पष्ट उल्लेख इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ (१३५०) या बहमनी राजवटीत रचलेल्या काव्यात येतो, तर चरख्याचे बगदादकडील चित्र सु. १२३७ चे मानतात. इतिहासकार इरफान हबीब यांनी चरख्याचे आगमन तेराव्या-चौदाव्या शतकांतले मानले आहे. त्याआधीचा निःसंदिग्ध पुरावा पुढे येईपर्यंत हेच मत अधिक ग्राह्य वाटते. लोकरीपुरता हा वाद तसा दुय्यम आहे. मेंढरांमागे चालणाऱ्याला चरखा बरोबर नेता येत नाही, टकळी नेता येते.

कच्चा माल : दख्खनी मेंढीची लोकर काळी-करडी, जाडीभरडी व केसाळ असते. मेंढ्या वर्षातून साधारण दोनदा कातरतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ. नवशिक्याने मिळाल्यास तिच्यावरच हात बसवावा. पोटाची व पायाची काडी-गोखरू भरलेली लोकर बाजूला काढावी. धुताना रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवावी. चोळल्यास, किंवा गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकल्यास तंतूंवरील खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला थर, होतो. त्यातून मग सूत निघत नाही. सावलीत वाळवून, धनुकलीच्या तातीने पिंजून, बोटभर जाडीचे सैल पेळू (पिंजलेल्या लोकरीच्या वळ्या) वळावेत. उन्हाळ्यात पेळू कोरडे पडून तंतू उडू लागतात. तेव्हा तळहाताला खोबरेल तेलाचा थेंब पुरतो.

टकळी व कताई : जाड लोकरीला ४० ते ६० ग्रॅम वजनाची, सु. ३० सेंमी दांडीची टकळी चालते. हलकी टकळी लवकर थांबून उलटी फिरते व दिलेला पीळ उसवतो. जड टकळी कच्चा धागा तोडते. दांडीला हातभर तयार सूत बांधून त्याच्या टोकावर पेळूचे टोक चार बोटे चढवावे आणि टकळी उजवीकडे फिरवावी.

सुरुवातीला टकळी लोंबती ठेवू नये. पीळ भरल्यावर ती गुडघ्यांत धरावी. वरच्या हाताने पेळू व खालच्या हाताने पिळाची चिमूट धरून तंतू ओढावेत, मग चिमूट वर सरकवून पीळ चढू द्यावा. दोन हातांतील अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडे अधिक हवे. त्याहून कमी असल्यास एकाच तंतूची दोन्ही टोके धरली जातात आणि कितीही जोर लावला तरी पेळू सरकत नाही. नवशिका इथेच हात आवळतो. चिमूट सुटून पीळ पेळूत शिरला, तर तिथे गाठोळा होतो. तो उलटा पीळ देऊन सोडवता येतो, कात्रीची गरज नाही.

धागा जाड-बारीक होणे हा सर्वांत सामान्य दोष. पीळ बारीक भागाकडे धावतो, कारण तिथे त्याला विरोध कमी. त्यामुळे बारीक भाग ताठरतो, जाड भाग कच्चा राहतो आणि सूत जाड ठिकाणीच सुटते, बारीक ठिकाणी नव्हे. पारख म्हणून वीतभर ताजे सूत दुमडून सैल सोडावे : मोजका वेढा पडला तर पीळ ठीक, गुंतून गाठी आल्या तर जास्त, वेढाच न पडल्यास कमी. ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) पीळ जास्त लागतो, बाण्याला (आडव्या धाग्यांना) कमी. ताण्याला पुढे चिंचोक्याची खळ देतात. दुपदरी सूत हवे असल्यास दोन धागे उलट दिशेने, म्हणजे डावीकडे, वळावेत.

भरलेली टकळी उतरवून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात पाऊण तास भिजवावी आणि खाली हलके वजन लावून वाळवावी; पीळ बसतो. पावसाळ्यात कोल्हापूरकडे लडी वाळायला दोन-तीन दिवसही लागतात. ओलसर राहिल्यास कुबट वास धरते, आणि न धुतलेल्या लोकरीला कसर लवकर लागते.