११८ अंशांवरचा गूळ

कोल्हापूरच्या जुन्या पद्धतीच्या गुऱ्हाळात तापमापक शोधूनही सापडत नाही. तरीही गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, काहिल (रस उकळायची मोठी पसरट कढई) उतरवतो ती बरोबर ११८ अंश सेल्सियसच्या आसपास. १०५-१०६ अंशांवर उतरवली तर काकवी होते. आणखी दहा-बारा अंश वर गेलं की घट्ट गूळ, आणि त्यापुढे चुलवाण्यानं, म्हणजे जाळ घालणाऱ्यानं, जाळ आवरला नाही तर आख्खं आधण, म्हणजे काहिलीतला सगळा पाक, करपतं.

हे गुळव्याला कळतं कसं? तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती भांड्याच्या काठावर आपटून आवाज ऐकतो. यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. पाण्यात साखर जितकी दाट, तितका त्याचा उत्कलनबिंदू वर चढतो. म्हणजे उकळत्या पाकाचं तापमान हे खरं तर त्यात किती पाणी उरलंय याचं माप असतं. गोळीचा कडकपणाही उरलेल्या पाण्यावरच ठरतो. तापमापक आणि गुळव्याची बोटं एकच गोष्ट मोजतात.

पण गुळाचं भवितव्य काहिलीत ठरतं असं मानणं अर्धवट आहे. ते बरंचसं शेतातच ठरलेलं असतं. उसातली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन छोट्या साखरा जोडून तिचा रेणू बनतो. सुक्रोजचे स्फटिक होतात, म्हणून गूळ कणीदार आणि टणक होतो. ही जोडी फुटली की उरतात त्या साखरा सहजी स्फटिक बनत नाहीत, उलट हवेतला ओलावा ओढून घेतात. तोडलेल्या उसात ही फूट घडवणारं इन्व्हर्टेज नावाचं विकर काम करतच राहतं, त्यामुळे ऊस तोडल्यापासून दिवसभराच्या आत चरकात गेला पाहिजे. शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत सुक्रोज कमी आणि फुटलेल्या साखरा जास्त असतात. वाढं, म्हणजे उसाचा पानांचा शेंडा, जनावरांच्या वैरणीला जातं, त्याच्या जोडीनं वरची कोवळी कांडीही गुळापासून लांब ठेवणं शहाणपणाचं. हंगाम थंडीत येतो त्यालाही कारण आहे. रात्री गारठा पडला की उसाची वाढ मंदावते आणि पानांनी बनवलेली साखर वाढीत खर्च न होता कांड्यांत साठते.

जमिनीचा वाटा तर जिभेला कळतो. करवीर, पन्हाळा, कागल भागांतल्या नदीकाठच्या निचऱ्याच्या जमिनीतला ऊस आणि शिरोळकडच्या क्षारपड रानातला ऊस यांचा गूळ एकसारखा होत नाही. क्षार मुळांवाटे रसात येतात, गूळ खारट लागतो, काळपट पडतो आणि लवकर ओल धरतो. नत्राची खतं बेसुमार टाकली तरी गुळाची प्रत उतरते. कोल्हापुरातलं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र अशा प्रश्नांवर अनेक वर्षं काम करतंय.

आता चुलवाणावर, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीवर, येऊ. ताजा रस आंबट असतो, त्याचा सामू (पीएच) साधारण ५.२ ते ५.५. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोज भराभर फुटतं. म्हणून रसात चुन्याची निवळी घालून आंबटपणा कमी करतात. प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. चुना जास्त झाला तर आधीच फुटलेल्या साखरांचं आणखी विघटन होऊन रंग गडद होतो.

पुढची करामत भेंडीची. रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळली की जो बुळबुळीत चीक सुटतो, त्यात साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. रसात प्रथिनं, मेण, मातीचे सूक्ष्म कण इतके बारीक तरंगत असतात की फडक्यानं गाळले जात नाहीत. रस तापला की प्रथिनं गोठतात, चिकातल्या साखळ्या त्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या कणांना गुंतवून घेतात आणि सगळा गाळ मळी होऊन वर येतो. तो झाऱ्यानं काढून टाकतात. मला गुऱ्हाळातली ही पायरी सर्वांत सुंदर वाटते. कोणतंही महागडं रसायन न वापरता एक रानटी झाड रस नितळ करून देतं.

शेवटी पाक वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौदात, ओततात आणि फावड्यानं घोटतात. निवत चाललेल्या पाकात सुक्रोज मावेनासं झालेलं असतं. घोटण्यानं असंख्य ठिकाणी एकाच वेळी बारीक स्फटिक सुरू होतात. सायीच्या दह्यासारखा एकजीव पोत येतो तो त्यामुळे. मग साच्यांतून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, निघतात. टनभर उसाचा साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ होतो, आणि बाकी पाणी उडवायला लागणारा जाळ त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडांचा.

रंगाबद्दल मात्र तळमळीनं सांगावंसं वाटतं. गुळाचा तपकिरी रंग हा काही दोष नाही. रसातली अमिनो आम्लं आणि साखर यांच्या उष्णतेतल्या अभिक्रियेतून तो येतो आणि गुळाचा खमंग वासही तिथूनच येतो. बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून काही जण सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुऱ्हाळात ज्याला हायड्रोस म्हणतात ते, घालतात. ते रंगद्रव्यांचा रंग घालवतं, पण हवेशी संबंध आल्यावर काही काळानं रंग परत गडद होतो. गंधक मात्र गुळात राहून जातं आणि काही दमेकऱ्यांना ते बाधतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाला शोभेल असा गूळ हवा असेल तर गिऱ्हाइकानं आधी पिवळ्या रंगाचा हट्ट सोडायला हवा.

गूळ म्हणजे औषध नव्हे, हेही सांगायला हवं. त्यात थोडी खनिजं असली तरी मोठा भाग साखरच असते, आणि मधुमेहींच्या रक्तात ती साखरेसारखीच वागते.

घरी आणलेला रवा आषाढात पाझरतो, कारण फ्रुक्टोज कोल्हापूरच्या पावसाळी हवेतलं पाणी शोषून घेतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, हवा कमीत कमी राहील असा दाबून भरला तर तो टिकतो. गुळाच्या चहात दूध फाटतं त्यालाही गुळातली आम्लता आणि क्षार कारणीभूत आहेत. दुधातली केसीन प्रथिनं आंबट माध्यमात एकमेकांना चिकटतात आणि उकळत्या तापमानात तर फारच लवकर. त्यामुळे गूळ, आलं आणि चहापूड पाण्यात उकळून घ्यावी, गॅस बंद करून मिनिटभर थांबावं आणि वेगळं तापवलेलं दूध त्यात वरून ओतावं.